कमळाआत्याचं न्हाऊ घालणं

म्हातारं माणूस असलेल्या घरी गेली की कमळाआत्या चहाला हात लावायची नाही. पदर खोचायची आणि म्हणायची, "आधी न्हाऊ घालते." त्या घरच्या सुनांना बरंच वाटायचं, एक दिवस सुटका. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, रेणापूरची. स्वतःच्या सासूचं तिनं सगळं अंथरुणातच केलं होतं. त्याविषयी ती फारशी बोलायची नाही.

लकवा झाल्यापासून आई अहमदपूरला दादाकडे, माझ्या भावाकडे होती. मी लातूरला शाळेत शिकवते, सुटीत जायचे. आईचा बघावं तेव्हा उपवास. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी. ताट पुढं केलं की ती हात आडवा धरायची, "आज उपास हाय." पाणीसुद्धा घोटभरच. गल्लीतल्या बायका तिच्या पाया पडायच्या. मलाही अभिमान वाटायचा.

एका रविवारी मी तिथं असतानाच आत्या आली. आईला न्हाणीत नेऊन तिनं दार लोटलं. थोड्या वेळानं मला आत बोलावलं. आईच्या दंडाला आतल्या बाजूनं काळेनिळे डाग होते, काही जुने, पिवळे पडलेले. मांडीवरही होते. ओठ सुकून चिरलेले.

"वैनी, खरं सांगा, ह्यो उपास कोन्या देवाचा?" आत्यानं हळूच विचारलं.

"खाल्लं-प्यालं की लुगडं भरतंय," आई म्हणाली. "भरलं की चिमटे बसत्यात."

मला काहीच वाटलं नाही. बादलीत तांब्या तरंगत होता, तो मी बघत राहिले.

आत्या ओरडली नाही. आईला कोरडं करून तिनं दूधभात भरवला, मग माझ्या वहिनीला, दादाच्या बायकोला, समोर बसवलं. वहिनी आधी नाही म्हणाली, मग रडायला लागली. "आत्याबाई, रातंदिस मी एकटीच करायलेय. ह्यांनी कधी आत येऊन बघितलं का?" ते खरं होतं. दादा खाली मान घालून बसला होता.

"थकलीस, ते दिसायलंय मला," आत्या म्हणाली. "थकलं की हाक मारावी. पन चिमटा त्यो चिमटाच. वैनी आता हितं ऱ्हानार न्हाईत, लेकीकडं ऱ्हातील."

"लेकीच्या घरी ठेवली तर लोक काय म्हनतील?" दादा पुटपुटला.

"लोक न्हाऊ घालाया येत्यात का?"

त्याच दिवशी आम्ही आईला लातूरला माझ्या घरी आणलं. निघताना आत्या मला म्हणाली, "सुमे, तूबी थकशील. तवा फोन कर. न्हाई केलास तरी मी न सांगता येनार. ह्या बाबतीत माझा तुझ्यावरबी भरवसा न्हाई." मला फार राग आला. पण ती खरंच यायची. न्हाणीचं दार लोटून घ्यायची आणि मी बाहेर उभी असायचे. एकदा बाहेर येऊन म्हणाली, "तोंड लई उतरलंय तुझं. मी ऱ्हाते, तू झोप." त्या दिवसापासून मी तिची वाट बघू लागले.

यंदा उन्हाळ्यात आत्या गेली. मला रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. आईला आता बोलता येत नाही. परवा चादर बदलताना तिच्या दंडावर माझा हात जरा जास्तच घट्ट बसला. मी लगेच सोडला. शेजारपाजारचे येतात, बाहेरच्या खोलीत चहा घेतात, लेक असावी तर अशी म्हणतात. आत कोणी जात नाही.