कोनशिलेवरचे हात

नाशिकच्या स्टँडवर मुंबईची बस लागली तेव्हा बापूंचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, दोन्ही हात खिशात होते. माझी बॅग कंडक्टरने आणि मी मिळून आत ढकलली. बापूंनी हात लावला नाही. घरून निघताना त्यांनी रॉकेलने, मग लिंबाने, मग आईच्या भांड्याच्या घासणीने पंजे घासले होते, तरी लाल रंग गेला नव्हता. मी खिडकीपाशी बसलो. ते खाली उभे राहिले आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "शरद, आता जातोच हायेस. येक सांग, मी रागावणार नाय. ते तूच केलं व्हतं ना?"

त्यावर मी काय उत्तर दिलं, ते नऊ वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही. आज सांगतोय ते तुम्हाला, आपल्या हॉस्टेलच्या ग्रुपवरच्या सगळ्यांना, जे नाशकात राहिलात त्यांना आणि माझ्यासारखे लांब फेकले गेलात त्यांनाही. कारण परवा माझ्या रूम पार्टनरने, प्रवीणने, ग्रुपवर टाकलं, "शऱ्या, लेका, दोन्ही वेळा ते हात माझे होते. माफ कर." खाली जोडलेल्या हातांची तीन चित्रं. मी तेव्हा ड्यूटीवर होतो. इथे शारजात एका मोठ्या मार्केटच्या फळविभागात मी कार्टन तपासतो. मेसेज वाचला, फोन खिशात ठेवला आणि पुढचं कार्टन फोडलं.

तुमच्या घरच्यांना हे वाचून दाखवाल, तर त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगायला हवं. आमच्या कॉलेजात मुलांसाठी नवीन स्वच्छतागृह बांधलं होतं. नळ होते, नळाला पाणी नव्हतं. कोनशिला मात्र संगमरवरी होती, आणि तिच्यावर प्राचार्यांचं नाव पाहुण्यांच्या नावापेक्षा मोठं होतं. उद्घाटनानंतरच्या पहिल्याच सोमवारी सकाळी त्या नावावर लाल रंगाचे दोन पंजे उमटलेले दिसले. बरोबर मधोमध, अगदी मनापासून मारलेले.

त्याच सोमवारी मी दिंडोरीहून पहिल्या बसने आलो होतो, आणि माझे हात कोपरापर्यंत लाल होते.

द्राक्षाच्या घरात जन्मलेल्याला यात नवल वाटणार नाही. छाटणी झाली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब निघायच्या जागा, एकसारखे फुटावेत म्हणून प्रत्येक डोळ्याला औषध लावावं लागतं. त्याला आम्ही पेस्ट म्हणतो. कुठली काडी झाली आणि कुठली राहिली हे कळावं म्हणून त्यात लाल रंग कालवतात. हातमोजे घालायचे असतात, पण दुसऱ्या ओळीला फाटतात, मग माणूस उघड्या हातानेच लावत सुटतो. शनिवार-रविवार आम्ही दोन एकर बाग उरकली होती. त्या दिवसांत आमच्या गावात भाकरी वाढणारा हातही लाल असतो. त्या सोमवारी दुपारी माझं नाव पुकारलं गेलं आणि मी हसत हसत ऑफिसात गेलो. इतका मी बावळट होतो.

चौकशी समितीत तिघे होते. दोघे शहरातले, त्यांना द्राक्ष म्हणजे किलोवर मिळणारी वस्तू. तिसरे आहेर सर, निफाडकडचे, घरची बाग असलेले. मी त्यांच्याकडे पाहून निर्धास्त झालो. सांगितलं, सर, पेस्ट आहे. आहेर सरांच्या घड्याळाच्या पट्ट्यावर लाल ठिपका होता. मी तो पाहिला हे त्यांनी पाहिलं आणि बाही खाली ओढली. त्यांची बढती प्राचार्यांच्या सहीसाठी अडली होती, हे मला पुढे कळलं. तेव्हा फक्त एवढंच कळलं की ते बोलणार नाहीत. आजही मला प्रवीणपेक्षा त्या बाहीचा जास्त राग येतो.

मग मला कोनशिलेपाशी नेलं. माझा पंजा त्या पंजावर ठेवायला लावला. दगडावरचा पंजा बोटभर मोठा होता. समितीतले एक सर म्हणाले, थंडीने हात आकसतो. ऑक्टोबर महिना होता, सगळे घामाघूम झाले होते. तसं अहवालात लिहिलं गेलं.

दुसऱ्या दिवशी बापूंना बोलावलं. ते शेतातून तसेच आले, आणि पुरावा म्हणून स्वतःचे हात घेऊन आले. टेबलासमोर उभं राहून तिघांनाही एकेक करून दोन्ही पंजे दाखवले. "बघा साहेब, माझे बी लालच हायेत. मंग मी बी आलतो का तुमच्या दगडावर हात मारायला?" मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात थंडीवाल्या सरांनी वहीत काहीतरी टिपलं आणि विचारलं, रविवारी रात्री आपण कुठे होता?

दारूचाही मुद्दा निघाला. मुलाने नशेत केलं असावं, असं त्यांचं म्हणणं. बापू चिडले. "पेस्ट लावल्यावर कोण पील साहेब? त्या औषधावर दारू पोटात गेली तर माणूस आडवा व्हतो." हे खरं आहे, आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं. अहवालात लिहिलं गेलं की दारूच्या परिणामांची पालकांना चांगली माहिती असल्याचे दिसून आले. घरी जाताना बापू बसमध्ये एकच वाक्य बोलले. "तीन येळा हात दाखीवले रे मी."

मला वर्षभरासाठी काढलं. मी घरी थिनिंगची, म्हणजे घडातले दाटीचे मणी काढायची, कामं करत असताना जानेवारीत त्या कोनशिलेवर पुन्हा दोन पंजे उमटले. आईने देवापुढे साखर ठेवली, आता तरी सुटला म्हणून. समितीने निष्कर्ष काढला की मी दिंडोरीहून येऊन सूड उगवला, आणि मला कायमचं काढलं. माझ्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात 'असमाधानकारक' आलं. तो दाखला घेऊन चार कॉलेजं फिरलो. प्रत्येक ठिकाणी क्लार्क आधी दाखला वाचायचा आणि मग माझ्या हातांकडे बघायचा. गावातही तेच. कुणी तोंडावर बोललं नाही, पण पाराजवळून गेलो की बोलणं थांबायचं. सहा महिन्यांनी माझा मलाच भरवसा वाटेना. झोपेत उठून गेलो असेन का, असंही मनात येऊन गेलं.

मग मामाच्या ओळखीने हे काम. इथे आल्यावर आयडी कार्डासाठी काचेवर पंजे ठेवायला सांगतात. मी ते आधी पँटला घासून पुसले. मशीनवर हिरवा दिवा लागला आणि बाई म्हणाली, नेक्स्ट. आता बारा तासांची शिफ्ट, रूममध्ये सहा जण, हातात सतत पांढरे ग्लोव्हज. फेब्रुवारीत आपल्याकडचा माल येतो. कार्टनवर नाशिक वाचलं की मी सुपरवायझरची पाठ वळेपर्यंत थांबतो आणि एक ग्लोव्ह काढून घड हातात धरतो. बरं वाटावं म्हणून करतो, पण दर वेळी वाईटच वाटतं. दहा वर्षांपूर्वी मला कृषी अधिकारी व्हायचं होतं.

तर त्या बसच्या खिडकीतला प्रश्न. मी नाही म्हणणार होतो, वर्षभर तेच म्हणत आलो होतो. पण बापूंचा चेहरा पाहिला. ते माझ्यावर संशय घेत नव्हते, विनवत होते. मी म्हणालो, "हो बापू. मीच केलं."

त्यांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. "मंग ठीक हाय. मला वाटायचं, काहीच न करता आपुन बापलेक त्यांच्यापुढं हात पसरून उभं ऱ्हायलो. केलंस ना? चांगलं केलंस." बस हलली तेव्हा त्यांनी दोन्ही हात खिशातून काढले आणि लांबपर्यंत हलवत राहिले. सगळ्या स्टँडला दिसतील असे, लालभडक.

तेव्हापासून ते ही गोष्ट पारावर सांगतात. माझ्या पोराने प्राचार्याच्या नावावर पंजा मारला, दोनदा मारला. आई म्हणते, सांगताना त्यांचा आवाज चढतो. आता पेस्टच्या दिवसांत ते लाल हातांनीच नाशकात जातात. माझं घर आता एवढंच उरलंय, मी ते केलं असं मानणारी दोन माणसं. तिथे खरं सांगता येत नाही आणि खोटं फार दिवस निभावत नाही, म्हणून मी सुट्टी मिळाली तरी चार दिवसांच्या वर राहत नाही.

प्रवीण, दिवाळीत दिंडोरीला जाऊन बापूंची माफी मागणार, असं तू लिहिलंयस. तुला मी माफ केलंय की नाही, मला ठाऊक नाही, आणि त्याने आता काही बदलत नाही. तू जा, त्यांना भेट, आईच्या हातचा चहा पी. बापू तुला ती गोष्ट सांगतीलच. ती पूर्ण ऐक, आणि शेवटी त्यांनी विचारलं तर सांग की होय, शरदनेच केलं होतं, मी पाहिलं होतं.