मुकुंदरावांची पट्टी

मुकुंदरावांचे आजोबा तंजावरच्या दरबारात कागद लिहीत. राज्य खालसा झालं आणि नातवानं कुंभकोणात, इंग्रजांच्या रजिस्टर कचेरीत तीस वर्षं नकला तपासल्या. पण गावात त्यांना मान होता तो कचेरीमुळे नव्हे. विठोबाच्या मठात एकादशीचं भजन तेच चालवीत. चिपळ्या घेऊन त्यांनी सूर लावला की मागचे वीसजण तो उचलत.

साठी जवळ आली आणि त्यांचे कान जाऊ लागले. त्यांनी दोष दिला गावाला. विड्याची पानं इथे मुबलक, म्हणून सगळे तोबरा भरून बोलतात, असं त्यांचं ठाम मत झालं. "तोंड रितें करून बोला की रे!" असं ते कुणालाही दरडावत. बायकोला, पंकजाबाईंनाही, ज्यांना पानाचा वाससुद्धा सोसत नसे.

स्वामीनाथ हल्ली भजनाला दोन मृदंग आणी. नसता थाट, म्हणून मुकुंदरावांनी तिकडे काणाडोळा केला होता. कार्तिकातल्या एकादशीला मात्र गाता गाता सहज नजर गेली. तिसऱ्या पदाला त्यांनी आवाज चढवला, तोच स्वामीनाथानं पुढचा मृदंग सारून वरच्या पट्टीत लावलेला दुसरा ओढला. मागच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पद नव्यानं धरलं. तंबोरा खोळीत, भिंतीला टेकलेला. तार तुटली असं तंबोरा धरणाऱ्या चंद्रमौलीनं सांगितल्याला वर्ष झालं होतं. एक तार बसवायला वर्ष लागतं?

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस तो. कळायला वेळ लागला नाही. त्यांचा सूर भरकटत होता आणि त्यांना कळू नये म्हणून सगळं भजन त्यांच्यामागून भरकटत होतं.

घरी येऊन ते न जेवता बसले. उपासच होता, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही.

"किती दिवस झाले?" त्यांनी बायकोला विचारलं.

पंकजाबाईंनी एक बोट दाखवलं. वर्ष.

"मग मज कां सांगितलें नाहींस?"

पंकजाबाई त्यांच्या कानाशी वाकल्या आणि ओरडल्या, "तीनदा सांगितलें! तुम्ही मान हलविलांत!"

मुकुंदराव आधी संतापले, मग रडले. लोक फसवतात याचा राग, की इतकी माणसं आपल्यासाठी वर्षभर बेसूर गायली याची लाज, हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना. चिपळ्या सोडायच्या तर आपण उरतो काय? आणि न सोडाव्यात तर विठोबापुढे हे असंच चालू ठेवायचं?

पुढच्या एकादशीला त्यांनी स्वतः तंबोऱ्याची खोळ काढली. तारा चारही शाबूत होत्या. चंद्रमौलीनं मान खाली घातली.

"लाव," मुकुंदराव म्हणाले आणि चिपळ्या मागे गाणाऱ्यांतल्या राधाकृष्णाच्या हातात ठेवल्या. सगळे नको नको म्हणत असावेत. हात तरी तसे हलत होते. "मज ऐकूं येत नाहीं. बोलून फुकट घसा कां सुकवतां? गा!"

ते मागे, खांबाशी जाऊन बसले. राधाकृष्णानं तोंड उघडलं, माणसं डोलू लागली. मुकुंदरावांपर्यंत एक अक्षर पोचेना. त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. वर्षभर भजनात मान वर न केलेल्या पंकजाबाई डोळे मिटून, तोंडभर हसत गात होत्या.

म्हणजे भजन चांगलं होत होतं. इतकं चांगलं, की मुकुंदरावांना फार वाईट वाटलं.