खांबाआडची आत्या

कॉलेजच्या लॅबमधला तो कॅमेरा मी ताईच्या हळदीसाठी मागून आणला होता. वीतभर लांब चौकोनी डबा, एका टोकाला भिंग, दुसऱ्या टोकाला इवलासा पडदा. फोटो काढून झाल्यावर हवं तिथं बोट ठेवायचं, की तीच जागा स्पष्ट होते. ‘इकडे बघा, जरा सरका’ असं लोकांना सांगणं मला जमत नाही. त्यामुळे तो मला फार आवडला.

भोकरदनच्या आमच्या अंगणात सवाष्णी ताईला हळद लावत होत्या. कुंभार पिंपळगावची आत्या आदल्या दिवशीच आली होती. पण ती विधवा, म्हणून मांडवाच्या खांबाआड, स्वयंपाकघराच्या दारात थांबली. प्रत्येक कार्यात ती तशीच थांबायची. घरात तिचा धड एक फोटो नव्हता.

“आत्या, पुढं ये ना,” मी हळूच म्हटलं.

“न्हाई माय, मला इथून बराबर दिसून राह्यलं. अन् तू दिवसाढवळ्या टॉर्च घेऊन काय फिरून राह्यली?”

“कॅमेरा आहे तो. तुझा चेहरा नंतर स्पष्ट करता येतो.”

“कर मंग नंतर. मी कुठं पळून चालले?”

मी भिंग हळदीच्या वाटीवर धरलं आणि बटण दाबलं.

त्याच वर्षी हिवाळ्यात आत्या गेली. मी लॅपटॉपवर तो फोटो उघडला. वाटीवर क्लिक केलं, वाटी स्पष्ट झाली. मग ताईचा गाल. मग खांब, त्यावरच्या सुतळीचा पीळसुद्धा. मग आत्या. काही बदललं नाही. पुन्हा केलं.

त्या डब्यात मोठ्या भिंगामागं असंख्य बारीक भिंगं असतात. प्रकाश कुठल्या दिशेनं आला, तेही ती टिपतात. त्यापायी फोटोतले बारकावे जातात. आणि फोकस मागंपुढं करण्यालाही हद्द असते. मी फोकस वाटीवर धरला होता, आत्या हद्दीच्या पलीकडे राहिली. पदराखाली एक गव्हाळ डाग, तो तिचा चेहरा.

एक मात्र होतं. फोटो माऊसनं धरून बाजूला ओढला, की नजर किंचित सरकते, आपणच मान वाकडी करून बघावं तशी. मग आत्या खांबाआडून जराशी बाहेर येते. सोडलं, की परत आड.

आई कधी मागं येऊन उभी राहिली, कळलं नाही.

“अजून जरा ओढ ना,” ती म्हणाली.

“एवढंच येतं, आई.”

“ओढ तरी.”

मी ओढलं.