कप्तानबाईंचा खांदा

पडदे शिवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली ‘कप्तान’ म्हणायची, आणि हे नाव त्यांना व्हिडिओ गेममुळे पडलं होतं. लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली, फोनवर ‘जेवलीस का’च्या पुढे बोलणं सरकेना. मग लेकीनंच आईला गेमचं वेड लावलं. रोज संध्याकाळी दोघी आपापल्या घरी बसून एकाच संघातून, आई कप्तान होऊन, गाड्या पळवायच्या आणि पळवता पळवता मनातलं बोलून जायच्या.

एके दिवशी ऐन वळणावर बाईंच्या उजव्या हाताला मुंग्या आल्या. कंट्रोलर गळून पडला, गाडी कठड्यावर आदळली. पुढे सुई ओवतानाही खांद्यामागे कळ येऊ लागली.

"या वयात कशाला हे खूळ? सोड आता," नवरा म्हणाला.

"शिलाई मशीन सोड, असं नाही म्हणालात ते!"

शेवटी बाई दवाखान्यात गेल्या. तिथल्या तरुण फिजिओथेरपिस्टनं त्यांच्या पाठीवर बोट ठेवलं. "दुखतं खांद्यात, पण दोष इथं आहे. हे त्रिकोणी हाड, फरा, जागेवर धरणारे स्नायू ढिले पडलेत. दिवसभर मशीनवर वाकता, संध्याकाळी सोफ्यात गोळा होऊन बसता."

"म्हणजे खेळ बंद?"

"बंद कशाला? पाठ तयार करा."

भिंतीला तळवे टेकायचे, कोपरं ताठ ठेवायची आणि भिंत अशी ढकलायची की दोन्ही फरे एकमेकांपासून लांब जातील. मग सावकाश जवळ आणायचे. रबरी पट्टा मागे ओढायचा, पण खांदे कानांकडे चढू द्यायचे नाहीत. ऐकायला सोपं. करताना दंड लटपटले, डोळ्यांत पाणी आलं.

"भिंत पाडशील," नवरा पेपरामागून म्हणाला.

"पाडली तर पडदा लावीन. उठा, पट्टा धरा."

उठावंच लागलं त्याला.

बरेच दिवस काही फरक पडेना. एकदा वैतागून त्यांनी पट्टा पलंगाखाली भिरकावला. सकाळी गुडघ्यांवर बसून स्वतःच ओढून काढला. टीव्ही डोळ्यांच्या उंचीवर घेतला, पाठीशी उशी ठेवली. हळूहळू मुंग्या थांबल्या, शिवण सरळ येऊ लागली. मग त्यांनी लेकीला कळवलं, "जोड्यांच्या स्पर्धेत नाव घाल आपलं."

शेवटच्या फेरीपर्यंत पोचल्या दोघी आणि हरल्या, तेही लेकीच्या चुकीनं.

"सॉरी गं आई. दुपारपासून माझाच खांदा धरलाय."

बाईंनी कंट्रोलर बाजूला ठेवला. "कॅमेरा लाव. उभी राहा आणि पाठ दाखव बघू मला."