माझ्या नावाचे पाच स्टार

"हे आडनाव तुमचं आहे, मॅडम?"

एजंटनं मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर मीच लिहिलेला रिव्ह्यू होता. त्याच्याच ऑफिसबद्दल. पाच स्टार, आणि वर माझं पूर्ण नाव.

"हो. माझंच."

तो खुर्चीत मागे रेलला. माझ्यासाठी मागवलेला चहा टेबलावर वाफाळत होता. घ्या म्हणाला नाही.

"तो फ्लॅट गेला."

"काल तर ठरला होता."

"ठरला होता न. आता मालक नाही म्हणून राहिले. मले काही प्रॉब्लेम नाही हो, मी तं सगळ्यांच्या घरी जेवतो. पण सोसायटी थोडी वेगळी आहे."

मी उठले. दारापर्यंत पोचले तोच मागून आवाज आला.

"मॅडम, रिव्ह्यू राहू द्या बरं का. एकदम कडक इंग्रजी लिहिलं तुम्ही."

बाळांनो, त्याच रिव्ह्यूला तुम्ही दोघांनी तिकडून लाइक दिलं होतं. आजीनं किती छान लिहिलं म्हणून. त्यामुळे पुढचं मीच सांगते. नाहीतर तुमचा बाबा सांगेल की आजीचं एजंटशी भांडण झालं.

आजोबा गेल्यापासून नंदनवन कॉलनीतल्या या तिसऱ्या मजल्यावर मी एकटी. लिफ्ट नाही. गुडघ्यांना रोजचा जिना सोसत नाही. दोरीनं टोपली खाली सोडते. भाजीवाली खालून ओरडते, "काहून वं बाई, आजही नाही उतरली?" पुष्कळदा दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेलं तेवढंच एक वाक्य असतं. तो फ्लॅट तळमजल्यावर होता. दार उघडलं की समोर बाक, आणि बाकावर गप्पा मारणाऱ्या बायका. मला घर नको होतं. मला तो बाक हवा होता.

एजंट वेळेवर यायचा. गाडीचं दार उघडून धरायचा. पाणी कधी येतं, भिंत कुठे ओली आहे, त्याची दलाली किती, सगळं आधीच सांगायचा. मग म्हणाला, "मॅडम, एक रिव्ह्यू टाकून द्या न." जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेली बाई मी. नुसते स्टार देऊन मी कशी थांबेन? नव्या माणसाला उपयोग व्हावा असं मुद्देसूद लिहिलं. तोवर त्यानं माझं आडनाव विचारलंच नव्हतं. माझं इंग्रजी ऐकून त्यानं ते मनातच ठरवलं होतं.

आपण बौद्ध. माझे वडील खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कोळशावर होते. कितीही आंघोळ केली तरी कानामागची काळी रेघ जात नसे. म्हणायचे, "शिक पोरी. शिकलीस की कोणी विचारणार नाही." मी शिकले. तोंडावर कुणी विचारलं नाही हे खरं. मोबाइलवर वाचलं.

त्या आठवड्यात मी कुणाला काही सांगितलं नाही. कुणाला सांगणार? घड्याळाला? रिव्ह्यू रोज उघडून बघायची. खाली त्याचं उत्तर आलं होतं: 'धन्यवाद मॅडम, तुमचा विश्वास हीच आमची कमाई.' लाइक वाढत होते. एका दुपारी लख्खकन कळलं. माझं वाचून आपल्यातलीच कुणी बाई तिथं जाईल. त्याच खुर्चीवर बसेल. तिला तिथं पाठवणारी मी.

मी रिव्ह्यू बदलला. वेळेवर येतात, हे ठेवलं. खरंच होतं ते. खाली लिहिलं: 'घर ठरलं होतं. माझं आडनाव वाचल्यावर नाकारलं. आणि आधीचा पाच स्टारचा रिव्ह्यू मात्र राहू द्या म्हणाले.' इंग्रजीत लिहिलं, मराठीतही लिहिलं. एक स्टार.

लगेच फोन आला.

"मॅडम, हे काय करून ठेवलं? धंद्याचा सवाल आहे. डिलीट करा न. तुमच्यासाठी दुसरा फ्लॅट पाहून ठेवला, लिफ्टवाला. तुमच्याच लोकांची सोसायटी आहे. करमन तुम्हाले."

करमेल. नेमकं तिथंच बोट ठेवलं त्यानं. खोटं कशाला बोलू? क्षणभर लिफ्ट दिसली. संध्याकाळची माणसं दिसली.

"मी लिहिलं त्यात खोटं काय आहे, ते सांगा."

"खोटं नाही हो. पण असं लिहिते का कोणी?"

"मी लिहिते."

फोन मी ठेवला. चहा करून घेतला, एकटीनंच प्यायला.

तुमचा बाबाही म्हणाला, "आई, काढून टाक ना. एकटी राहतेस. कशाला कटकट?" त्याची काळजी मला कळते. पण एकटी आहे म्हणून गप्प बसायचं, तर या घरात बोलणारं कोण उरलं?

मी काहीही काढणार नाही. तुम्हीही मला सांगू नका.

घर शोधणं चालूच आहे. आता एजंटच्या ऑफिसात बसायच्या आधी, उभ्यानंच आडनाव सांगते. काहींचे फोन नंतर आलेच नाहीत. न येवोत. जिथं शिरायला नाव गिळावं लागतं, तिथल्या बाकावर मला बसायचं नाही. मग या तिसऱ्या मजल्यावरच दिवस संपले तरी चालतील. पण जो जो नाकारेल, त्याचं मी लिहीन. तारीख घालून, शुद्ध भाषेत, माझ्या पूर्ण नावानं.