सुंठीच्या टिंचरचा प्रचार

सुंठीच्या टिंचरात दारूइतकीच नशा असते आणि त्यावर अजून बंदी नाही, हे दिग्रसच्या भरबाजारात भोंग्यावरून मीच सांगितलं.

विदर्भ मुंबई राज्यात गेल्यानंतरचे, दारूबंदीचे ते दिवस. मी खात्याचा नवा प्रचारक. हातभट्टीवरची भाषणं ऐकून लोक कंटाळले होते, म्हणून मनात आलं, उद्याची नशा आजच रोखावी. 'बंदी नाही' हे तर केवळ कायद्याशी प्रामाणिक राहायचं म्हणून बोललो. माझं भाषण इतकं मन लावून त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं. एका कास्तकारानं विचारलंसुद्धा, "साहेब, थे भेटते कोठी?" श्रोता जिज्ञासू आहे असं समजून मी औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

पुढच्या बाजाराआधीच दुकानातलं टिंचर संपलं. मी घाईनं वर कळवलं आणि वरूनही तितक्याच घाईनं हुकूम आला: डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय टिंचर द्यायचं नाही. सरकार आपलं ऐकतं, या आनंदात घरी आलो.

माझी घरमालकीण पोट धरून बसली होती. मी तिला मावशी म्हणायचो. तशातही माझी भाकर थापून तिनं झाकून ठेवली होती. तिच्या पोटदुखीवर कोमट पाण्यात औषधाचे चार थेंब, एवढाच उतारा. कोनाड्यातली ती कुपी मी रोज पाहत होतो. आत काय आहे हे विचारायचं मात्र कधी सुचलं नाही.

"सरलं औषध," ती कण्हत म्हणाली. "दुकानदार म्हन्ते चिठ्ठी आन. कायची चिठ्ठी रे बापू?"

सकाळी तिला एस.टी.नं पुसदच्या डॉक्टरकडे नेलं. चिठ्ठी मिळाली, टिंचर नाही. तिथला दुकानदार म्हणाला, "दिग्रसवाल्यायनं सारं उचललं. तिकडं कोन्या साहेबानं भाषन देल्लं म्हन्तेत." मी घाईनं चिठ्ठी पुढे सरकवली. मावशीचा चेहरा पाहून त्यानं आपल्या घरची अर्धी कुपी आणून दिली.

परतीच्या गाडीत तिला बरं वाटलं. हायसं वाटून मीही बोलता झालो: लोक आता स्पिरिट असलेलं फ्रेंच पॉलिश प्यायला लागतील, पुढच्या बाजारात त्याबद्दल सावध करायला हवं.

मावशी म्हणाली, "तू चूप राहाय. मले देव्हाऱ्याले पालिश लावाचं हाय, थे तरी दुकानात राहू दे."