नमुन्याची माती

बाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा भूकंप झाला नाही, हे खरं; पण ज्या वेगाने त्या व्हरांड्यातून माझ्यावर चालून आल्या, तो पाहता इमारत उभी कशी राहिली याचं मला आजही नवल वाटतं. मी कॉलेजात गणित शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. नाव-गाव न विचारता त्यांनी माझ्या तळहातावर ओल्या मातीचा गोळा थापला.

"वळा."

"काय?"

"दोरी वळा हो. सुतळीएवढी बारीक. कधी तुटते ते बघायचंय."

दोरी लगेच तुटली. निम्मी माझ्या नव्या पँटवर पडली. "घाई फार आहे तुम्हाला," असं माझं कायमचं निदान करून बाई चालत्या झाल्या. विद्यार्थी त्यांना ढेकूळबाई म्हणत आणि आम्ही सहकारी 'एक नमुना' म्हणत असू. दोन्ही पदव्या त्यांनी कष्टाने कमावल्या होत्या.

बाई मातीचं इंजिनिअरिंग शिकवायच्या. पाया, भराव, डोंगरउतार. त्यांची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. चाळण्या, भट्टी, वजनकाटे आणि टेबलांवर इतकी धूळ की बाई आकृत्या बोटानेच काढत. खडूचा खर्च नाही. त्यांची मुलगी शेवटच्या वर्षाला त्यांच्याच वर्गात होती. "घरी आई, इथे बाई, ओरडा मात्र तोच," असं ती आम्हाला हसत सांगायची.

मग कॉलेजात सॉफ्टवेअर आलं. मातीचे आकडे भरायचे, बटण दाबायचं, की उतार टिकणार की घसरणार हे रंगीत चित्रासकट समोर. वस्तू खरंच चांगली होती. बाईंना आठवडा लागणारी आकडेमोड चहा निवायच्या आत व्हायची.

"बाई, आता खाली चिखल कशाला?" प्राचार्य म्हणाले. "तिथेही संगणक बसवू."

"आणि आकडे कुठून आणणार? आभाळातून?"

"मग यंदाच्या परीक्षेत दाखवून द्या की ती खोली लागते. नाहीतर रिकामी करा."

शिक्षकांना सॉफ्टवेअर शिकवायचा वर्ग निघाला. बाई गेल्या नाहीत. "चपला बाहेर काढायला लावतात," त्या म्हणाल्या, "यंत्राला सर्दी व्हायची!" आम्ही हसलो. हसायला नको होतं, पण बाई विनोद फार छान करायच्या.

परीक्षेसाठी त्यांनी ढासळत्या रस्त्याकडेची माती स्वतः पोती भरून आणली. प्रश्न लिहिला: 'नमुन्याची माती तपासून तिच्यात टिकेल असा उतार आखा.' काटे पुसून, भट्टी तापवून त्या दाराकडे डोळे लावून बसल्या. कोणी आलं नाही. सगळा वर्ग वर संगणकांपाशी होता. दुपारी उत्तरं आली. सगळ्यांचा उतार तोच, रंगही तेच. मुलीचंही तेच.

"ही कुठली माती गं?"

"नमुन्याची."

"माझी पोती तर बांधलेलीच आहेत!"

"पोती? अगं आई, 'नमुना' म्हणजे ती फाइल ना?"

संगणक शिकवणाऱ्या सरांनी सरावासाठी प्रत्येक यंत्रात एक फाइल टाकून ठेवली होती. तिचं नाव 'नमुना'. आत कुठलीशी घट्ट, गुणी माती. पोत्यातल्या मातीत तो उतार पाणी मुरताच खाली आला असता.

बाईंनी अख्खा वर्ग नापास केला. मुलीलाही. तिची नोकरी या निकालावरच ठरायची होती. पालक आले, चौकशी बसली. मुलांनाही बोलावलं होतं; प्राचार्य प्रश्न विचारत होते, मी टिपून घेत होतो.

"बाई, नमुना नावाची फाइल आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही."

"वर संगणकांच्या खोलीत कधी गेला होतात?"

बाईंनी टेबलावर बोटाने रेघ ओढली. इथे धूळ नव्हती, काही उमटलं नाही. मग म्हणाल्या, "पण बोटाला माती न लावता उतार आखावा, असं एकालाही वावगं वाटलं नाही?"

"तू एक दिवस माझ्या शेजारी येऊन बसली असतीस ना," मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली, "तर मी दाखवलं असतं. तू खाली बोलवायचीस ते फक्त ओरडायला."

प्राचार्यांनी डोळे फाइलीत घातले. मी खिडकीत.

परीक्षा रद्द होऊन सगळे पास झाले. मुलीला नोकरी लागली, डोंगरउतारांचीच. बाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. पुढच्या सत्रात तळमजल्यावर संगणक बसले.